कावीळ होऊन गेलेली

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. परवा मी फोन केला तर तू ‘बरंय ना? बरंय. ठेवते’ म्हणालीस आणि ठेवलासही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीस, पण स्वतःला मात्र दोन वाक्यांच्या वर फोन सोसत नाही. तेव्हा आपलं जुनंच बरं. कागदावर निदान आपण भांडतो तरी.

इकडे आमच्या मुलांच्या वॉर्डात कावीळ शिरलीय. एक पोर साधा ताप आणि जुलाब म्हणून दाखल झालं होतं. डोळे पिवळे नव्हते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. लहान पोरांचं असंच असतं. त्यांना ती होते आणि पुष्कळदा न सांगता निघूनही जाते, मोठ्यांना मात्र आडवं करते. आमच्या घाईबाईला तिने गाठलंच. घाईबाई म्हणजे माझ्या हाताखालची ती सिस्टर, एका हाताने औषधं लावता लावता दुसऱ्या हाताने डबा खाणारी. हात धुवायला तिला कधी वेळ नसायचा. आता महिनाभर वेळच वेळ आहे.

आमच्या वॉर्डात एक जुनी रीत आहे. खाण्यापिण्यातून होणाऱ्या काविळीचा पेशंट आला, की त्याचं शौचाचं भांडं, त्याच्या चादरी, त्याचं पुसणं-धुणं ‘होऊन गेलेल्यांनी’ करायचं. म्हणजे ज्यांना ही कावीळ एकदा होऊन गेलीय त्यांनी, कारण ती परत होत नाही. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही ही रीत, पण इतकी वर्षं चाललीय. आणि होऊन गेलेल्यांची पुढारी मी. नव्या पोरी हात मागे घेतात तेव्हा मी म्हणते, ‘सरका गं, मला पाचव्या वर्षीच होऊन गेलीय.’ ताई, खरं सांगू का, हे म्हणताना मला बरं वाटतं. लहानपणीच्या त्या सगळ्या प्रकारातून एवढी एक तरी कामाची गोष्ट हाताला लागली. घाईबाईलाही मीच बघतेय. वेगळ्या खोलीत तिच्याजवळ जायला दुसरं कुणी तयारच नाही.

आता वरून हुकूम आलाय, सगळ्यांना लस द्यायची. त्याआधी रक्त तपासायचं, कारण ज्यांच्या रक्तात आधीच प्रतिकारशक्ती आहे त्यांच्यावर लस वाया कशाला घालवा? मी लॅबवाल्याला म्हटलं, माझं रक्त तरी वाया का घालवतोस? पण तो ऐकेना. सुई टोचलीच त्याने.

जूनअखेर मी निवृत्त होतेय, म्हणजे हे क्वार्टर सोडावं लागेल. एक खोली बघून आले. नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘निवृत्त बाईला घेतो आम्ही, पण आजारी पडणारी नको.’ मी म्हटलं, मी नर्स आहे, आजारी पडायला मला सवडच मिळाली नाही. खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. चालेल. तुझ्या वरच्या खोल्यांतला भाडेकरू आहे का अजून?

तुझी
बारकी


१४ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद. निवृत्त होणाऱ्या बाईला आशीर्वाद लिहिताना हसू येतं, पण तू धाकटी ती धाकटीच. तुला बारकी म्हणणारी आता मी एकटीच उरलेय, तेवढा मान मला असू दे.

भाडेकरू गेला. दुसरा बघतेय. वरच्या दोन्ही खोल्या झाडून ठेवल्यात. जिना चढायचा मला कंटाळा येतो, पण वरती कुणाची पावलं वाजत नाहीत तेही बरं वाटत नाही. मी रेडिओ स्वयंपाकघरात लावून ठेवते आणि स्वतः पुढच्या खोलीत बसते, म्हणजे आत कुणीतरी आहे असं वाटतं. आणि एक गंमत सांगते, हसू नकोस. राँग नंबर आला तर मी हल्ली लगेच ठेवत नाही. परवा एकाने सायकलच्या दुकानाचा म्हणून नंबर लावला. मी त्याला विचारलं, कुणाची सायकल, लहान मुलाची की मोठ्याची? बराच वेळ बोललो. अनोळखी माणसाशी बोलता येतं मला. तुझ्याशीच फोनवर बोलता येत नाही, जीभ जड होते.

भिंतीकडे उघडणारी खिडकी कशाला घेतेस? असो. तुला सांगायची सोय नाही. मागे चार दिवस आलीस तर स्वतःचा कप, स्वतःचं ताट, स्वतःचा टॉवेल पिशवीतून घेऊन आलीस. राणीसाहेबांना आमची भांडी चालत नाहीत, मग घर कसं चालेल? मावशीच्या घरचं वळण ते, जायचं नाही.

आणि हे काय लिहिलंयस, पाचव्या वर्षी तुला कावीळ झाली म्हणून? मला कुणी बोललं नाही कधी. मावशीकडे असताना झाली असेल. तुमच्या त्या घरातलं काही आमच्यापर्यंत पोचायचंच नाही. आईला तरी कळवलं होतं का मावशीने?

जप. हात धुऊन जेव, असं तुला सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं.

ताई


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि लॅबचा निकाल एकाच दिवशी हातात पडले. कुठल्याने जास्त हादरले ते सांगता येत नाही.

माझ्या रक्तात काही नाही. शून्य. मला ही कावीळ कधी झालेलीच नाही. लॅबवाला म्हणाला, ‘सिस्टर, तुमच्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांना होऊन गेलेली निघाली. स्वयंपाकी, वॉर्डबॉय, मोठे सर, सगळे. तुम्ही काय बरणीत वाढलात का?’ मी म्हटलं, परत तपास. त्याने परत तपासलं. तेच. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मी हात इतके धुते की बिचाऱ्या रोगाला माझ्यापर्यंत यायला वाटच मिळाली नसेल. सगळे हसले, मीही हसले. मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

कारण इतकी वर्षं मी काय करत होते सांग! भांडी उपसत होते, चादरी पिळत होते, छातीवर हात मारून सांगत होते मला होऊन गेलीय. आणि आता घाईबाईला पंधरवडाभर मीच बघितलं. लस माझ्यासाठी बाजूला काढलेलीच नव्हती. ‘सिस्टरना काय करायचीय?’ पुढचा साठा येईल तेव्हा टोचतील. आलेल्या संसर्गावर लस लवकर घेतली तरच उपयोग होतो, हे मी दुसऱ्यांना शिकवते.

पण ते राहू दे. तू विचारतेस, मला कधी झाली? ताई, कावीळ झाली म्हणूनच तर मला घरातून मावशीकडे पाठवलं! मी आजारी होते म्हणून. मला सगळं आठवतं. मावशीने माझा कप वेगळा ठेवला होता, काठावर निळी रेघ असलेला. माझी खाट वेगळी. माझे कपडे ती उकळत्या पाण्यात टाकायची. काका दारातूनच माझ्याकडे बघून हात हलवायचे. मी रडले की मावशी म्हणायची, तू आजारी आहेस, शहाण्यासारखं राहा. मी राहिले. इतकी शहाण्यासारखी राहिले की कुणी परत न्यायलाच आलं नाही.

आता रक्त सांगतंय मी आजारी नव्हतेच. मग मला का घालवलं? तुला माहीत असेल तर सांग. आई नाही, बाबा नाहीत, मावशीही गेली. विचारायला तूच उरलीस.

बारकी


७ मार्च

बारके,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केला. दोन दिवस लावलाच नाही.

अगं, आजारी मी होते. कावीळ मला झाली होती. एवढं तुला माहीत नाही? मला कधी वाटलंच नाही की तुला माहीत नसेल. आपल्या घरात ही काय सांगायची गोष्ट होती का? मी दहा वर्षांची आणि तू पाच. आमच्या शाळेतल्या पिंपातल्या पाण्याने निम्मा वर्ग आडवा झाला. मी हळदीसारखी झाले, पोटात पाणी ठरेना, डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे. आई माझ्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि तू बाहेरून दाराला लाथा मारायचीस. ताईकडे जायचंय, ताईकडे जायचंय. एकदा खिडकीतून चढून आत आलीस आणि माझ्या पांघरुणात शिरलीस. बाबांनी तुला त्याच दिवशी उचललं आणि मावशीकडे नेलं. तुला घालवलं नाही गं, तुला वाचवलं. दोघी पडल्या असत्या तर आई एकटी काय काय करणार होती?

मावशीने तुझा कप वेगळा ठेवला, कारण तू माझ्या पांघरुणातून उठून गेली होतीस. तुला होतेय की काय म्हणून ती बिचारी घाबरली असेल.

आणि ‘कुणी न्यायला आलं नाही’ हे तू कसं लिहितेस? मी उठून बसू लागल्यावर बाबा तुला आणायलाच गेले होते. मी खिडकीत उशी लावून वाट बघत बसले होते. तुझ्यासाठी नवे लाल बूट आणले होते आईने. संध्याकाळी बाबा एकटेच आले. म्हणाले, ती जिन्याखाली लपून बसली. हात धरला तर चावली. ‘मी नाही येत घरी’ म्हणाली. दोनदा, तीनदा. मग मावशी म्हणाली राहू दे, ती इथे रुळलीय. बाबा कधी रडायचे नाहीत, पण त्या दिवशी जेवले नाहीत. आई म्हणाली, तिकडे तिला जास्त बरं आहे, गालिचा आहे, बाग आहे, एकटीचे लाड आहेत, कशाला ओढून आणायचं? दुसऱ्या वर्षी तुझी शाळा तिकडेच सुरू झाली.

सुटीत यायचीस ती पाहुण्यासारखी. मी म्हणायचे, माझ्याजवळ झोप. तू भिंतीकडे सरकून, अंग चोरून झोपायचीस. मी काय समजायचं? मी एवढंच समजले की माझ्या बहिणीला आम्ही नको आहोत. त्या समजुतीवर मी म्हातारी झाले. आणि आता तू मला विचारतेस, मला का घालवलं म्हणून!

रागावून लिहितेय असं वाटेल. रागावलेच आहे. पण कुणावर ते कळत नाही.

लस घेतलीस का?

ताई


१८ मार्च

ताई,

लस घेतली, तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे कर्तव्य झालं. उपयोगाचं किती ते बघू.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग लिहायला बसले, पण हात चालेना. आज सुटी टाकून लिहितेय. थोडी दमल्यासारखी झालेय, बाकी ठीक.

जिन्याखाली मी लपले होते, खरं आहे. बाबांच्या हाताला चावले, तेही खरं आहे. केरसुणीचा वास येत होता तिथे आणि बाबांची पँट गुडघ्यापर्यंत दिसत होती. पण का लपले ते मला कुणी विचारलंच नाही. तूही आजवर विचारलं नाहीस.

मावशीकडे पहिल्या रात्री मी खूप रडले होते. ताईकडे जायचंय म्हणून. मावशीला मूलबाळ नाही, रडणाऱ्या पोराचं काय करायचं तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, ‘तू आजारी आहेस. घरी गेलीस तर तुझ्या ताईला लागेल आणि ती मरेल.’ मी गप्प झाले. तिला वाटलं असेल चांगली युक्ती सापडली. त्यानंतर मी रडायला लागले की ती तेवढंच म्हणायची. तिचा दोष नाही, तिला मूल गप्प करायचं होतं आणि ते झालं.

मग बाबा आले. पण तू बरी झालीस असं कुणी मला सांगितलं नाही, मीच बरी झालेय असंही सांगितलं नाही. माझा कप वेगळाच होता की तोवर. मग मी घरी कशी येणार? मी आले असते तर तुला लागलं असतं. म्हणून लपले. म्हणून चावले. बाबा गेल्यावर मी जिन्याखालीच झोपले.

सुटीत तुझ्याजवळ झोपायचं म्हणजे मी श्वास रोखून झोपायचे. तू म्हणतेस अंग चोरायचीस. हो, चोरायचे. माझं तुला लागू नये म्हणून.

पुढे नर्सिंग शिकले तेव्हा पुस्तकात वाचलं की ही कावीळ बरी झाली की माणसाकडून कुणाला लागत नाही. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. पण ते पेशंटबद्दल होतं. आपल्याबद्दल आहे असं वाटलंच नाही. तुझ्याकडे येताना कप पिशवीत टाकायचा तो टाकायचाच. मी त्यावर कधी विचारसुद्धा केला नव्हता, आत्ता तुझं पत्र वाचून केला. राणीसाहेब म्हणतेस! अगं, मी आयुष्यभर तुझी राखण करत होते.

आता थांबते. चहाचासुद्धा वास नकोसा झालाय.

बारकी


२८ मार्च

बारके,

चहाचा वास नकोसा? तुला? चहा नाही मिळाला तर तू वॉर्ड डोक्यावर घेतेस. मी फोन केला तर ‘बरंय’ म्हणालीस, पण तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. एक्स्चेंजमध्ये मी एवढ्या वर्षांत दुसरं काही शिकले नसेन, पण ‘बरंय’ म्हणताना कोण खोटं बोलतंय ते मला कळतं. काय होतंय ते लिही.

मीही खोटं बोलले होते, तेही आता लिहिते. भाडेकरू गेला नाही, मी त्याला जायला सांगितलं. गेल्या वर्षीच. तू निवृत्त होणार म्हणून. दुसरा बघतेय वगैरे काही नाही. वरच्या खोल्यांना रंग दिला, खिडकीची कडी बदलली. आणि तुला मात्र विचारता आलं नाही. एकदा आपल्या घराने तुला ये म्हटलं होतं आणि तू नाही म्हणाली होतीस. पुन्हा नाही ऐकायला नको म्हणून मी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, तिला यायचं असेल तर ती म्हणेल. तू वसतिगृहाची खिडकी वर्णन करून सांगितलीस.

दोघी एकमेकींना भिऊन राहिलो. आईच्या भाषेत सांगायचं तर, अति शहाण्या पोरी.

लगेच लिही.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र लिहिण्याआधी साबणाने हात धुतलेत, पेनही पुसलंय. पाकीट शेजारीण पोस्टात टाकेल, तीही हातमोजे घालून. तरी वाचून झाल्यावर तू हात धू.

मला झाली. डोळे पिवळे होऊन आठवडा झाला. लघवी चहासारखी, म्हणूनच बहुतेक चहा नको झाला असेल. रिपोर्ट वाईट आहेत, पण फार वाईट नाहीत. या वयात यकृताला सावरायला वेळ लागतो. डॉक्टरीणबाई एक दिवसाआड येतात, भरती व्हा म्हणतात. मी म्हटलं, माझ्याच वॉर्डच्या पोरींनी माझी भांडी उपसायची? त्यापेक्षा क्वार्टर बरं.

सगळे चांगले आहेत, तक्रार नाही. रोज कुणीतरी दारात डबा ठेवतं, दोनदा टकटक करतं आणि मी उठून येईपर्यंत जिना उतरून गेलेलं असतं. चुकत नाहीत ते, मीच तसं शिकवलंय सगळ्यांना. घाईबाई असती तर आत आली असती, ती आता होऊन गेलेली आहे. पण ती रजेवर आई-वडिलांकडे गेलीय. काल मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते, टकटक झाली की लगेच उघडायचं म्हणून. निदान पाठ तरी दिसेल. तेवढ्यात डोळा लागला आणि डबा गार झाला.

ताई, मला एकटं वाटतंय. इतकी वर्षं एकटी राहिले आणि हा शब्द कधी लिहिला नाही, आज लिहिला. वरच्या खोल्यांचं वाचलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. पिवळं पाणी आलं नाही, साधंच आलं.

पण तू येऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पिशवी भरायला घेतली असशील. तुला होऊन गेलीय म्हणतेस, पण काविळीचे प्रकार असतात. तुझी तीच होती कशावरून? तेव्हा कुणी रक्त तपासलं होतं? तुझ्या वयात झाली तर काय होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी बरी झाले, पूर्ण बरी, तपासण्या सगळ्या नीट आल्या, की मग बघू.

बारकी


१० एप्रिल

बारके,

पुरावा पाहिजे ना? घे.

तुझं पत्र आलं तशी उठून लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘आजी, ही तपासणी कोणत्या डॉक्टरांनी सांगितली?’ मी म्हटलं, डॉक्टरांनी नाही, सिस्टरने. डॉक्टर सुचवतात, सिस्टर हुकूम करते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला गेले तर ती म्हणाली, ‘पॉझिटिव्ह आहे.’ आपल्या पिढीला पॉझिटिव्ह म्हटलं की घर धुवायला काढावंसं वाटतं. तिथेच बाकावर बसले. मग आतून डॉक्टर आले, म्हणाले, ‘अहो, ही आनंदाची बातमी आहे. तुम्हाला हीच कावीळ पूर्वी केव्हातरी होऊन गेलीय. तिची खूण रक्तात जन्मभर राहते. आता ती तुम्हाला होणार नाही.’ मी म्हटलं, पेशंटच्या उशाशी बसले तरी? म्हणाले, बसा. त्याच्या पांघरुणात शिरले तरी? ते जरा गोंधळले, पण म्हणाले, शिरा. शिवाय म्हणाले की डोळे पिवळे होऊन बरेच दिवस झाले असले, तर आता ती कुणालाही फारशी लागायची नाही. हे तुलाही माहीत असणार. माझ्यापासून लपवलंस.

हे पत्र आज टाकते आणि परवा निघते. आधी कोण पोचतंय बघू.

ताई


१३ एप्रिल
(क्वार्टरच्या दाराखालून आत सरकवलेली चिठ्ठी)

बारके, दार उघड. मी आलेय. बेल वाजत नाही तुझी, आणि टकटक केली तर तू डबा समजून ‘ठेवून जा’ म्हणतेस. मी डबा नाही.

ताई


(त्याच कागदाच्या मागे, आतून बाहेर सरकवलेली)

ताई, तू खरंच आलीस? पत्र मिळालं काल. सगळं वाचलं. सगळं मला माहीत आहे गं, पुस्तकातलं प्रत्येक वाक्य माहीत आहे. तुला लागणार नाही, माझ्याकडून आता कुणालाच फारशी लागणार नाही, सगळं कळतं. तरी कडीपर्यंत नेलेला हात मी मागे घेते. मी दाराला टेकून खाली बसलेय. माझ्याच्याने निघत नाही कडी. तू शेजारणीकडे थांब. उद्या बघू. माफ कर.

बारकी


(बाहेरून, दुसऱ्या कागदावर)

बारके,

शेजारणीकडे जाणार नाही. मीही दाराला टेकून बसलेय, पायरीवर, तुझ्याच पाठीशी असेन. तुझी शेजारीण वर-खाली जाताना बघतेय, तिला सांगितलं आमचं लहानपणापासून असंच चालू आहे.

बाबा सज्जन होते. लहान पोर नाही म्हणाली, दोनदा, तीनदा म्हणाली, तर ते परत फिरले. त्यांना वाटलं, ओढून कशाला न्यायची? मला कुणी सज्जन म्हणत नाही. त्या दिवशी मला चालता येत असतं तर मी तुझ्या मागे जिन्याखाली शिरले असते आणि तू चावली असतीस तर मीही चावले असते. आज चालता येतंय म्हणून आले. तू नाही म्हण, पन्नासदा म्हण. मी ऐकत बसेन, पण जाणार नाही. वाटलं तर झोप थोडा वेळ, मीही पेंगते.

आणखी एक. गाडीतून मी कुठेच उतरले नाही, त्या घाण ठिकाणी जायला नको म्हणून. सकाळपासून कळ काढून बसलेय. तेव्हा तुला माझी खरोखर काळजी असेल तर आता तरी उघड. मला तुझ्या संडासात जायचंय.

ताई